नाक्यावर अडलेलं लुगडं

आमच्या नदीला तेव्हा दोन सरकारं होती. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचं, पलीकडे निजामाचं. पलीकडच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत. नदी एकच, आणि उन्हाळ्यात तर तीही नसायची. वाळू, दगड आणि मधे मधे डोह. आमची गुरं सकाळी इंग्रजांच्या राज्यात चरत आणि दुपारी मोगलाईतल्या डोहावर पाणी पीत. त्यांना कोणी परवाना मागितला नाही. बैलाला आहे तेवढीही अक्कल सरकारला नसते, असं माझी माय म्हणायची. आणि माय बैलांबद्दल फार काही बरं बोलत नसे.

सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर होत. माझी थोरली बहीण, अक्का, पलीकडे दिलेली होती. आमचं गाव अनसिंगच्या बाजूचं. सकाळी दमणी, म्हणजे वर छत असलेली बसायची बैलगाडी, जुंपली की दुपारच्या जेवणाला तिच्या घरी. अक्काचा नवरा शांत माणूस, सासू तोंडाची फटकळ पण हाताची सढळ, घरी ज्वारी-कापसाची शेती, पदरात एक लहान मुलगी. तक्रार करण्यासारखं एकच होतं, पाणी. ते नदीवरून डोक्यावर आणावं लागे, आणि वाट चढाची. अक्का माहेरी आली की पहिले काही दिवस नुसती मान चोळत बसायची.

मग लढाई सुरू झाली. ती कुठं सुरू आहे हे आमच्या गावात कोणाला नीट सांगता येत नव्हतं. पण कापड आधी महाग झालं, मग मिळेनासं झालं, मग कंट्रोलवर आलं. त्याच्या पाठोपाठ नदीच्या आमच्या काठावर, उताराच्या तोंडाशी, नाका बसला. बसला म्हणजे काय, कडुनिंबाखाली तुराट्यांचं छप्पर, एक बाक, पाण्याचा रांजण, आणि रस्त्यावर आडवा बांबू. एक जमादार, एक शिपाई. हुकूम असा की नवं कापड परवान्याशिवाय नदीपलीकडे न्यायचं नाही.

कापड जायचंच. शिपाई गाडीतल्या सरकीत लोखंडी गज खुपसून पाहायचा. धोतरांचे गठ्ठे कुठं आहेत ते त्याला ठाऊक असायचं, म्हणून गज तिथं कधी लागायचा नाही. जाताना पोटुशी दिसणाऱ्या बाया येताना सडपातळ होऊन येत, आणि लेकरू कुठं ठेवलं असं नाक्यावर कोणी विचारत नसे. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कायदा आपल्या जागी, व्यवहार आपल्या जागी, दोघांची गाठ पडू नये एवढीच सगळे काळजी घ्यायचे.

आमच्या घरात त्या दिवसांत एकच नवं कापड होतं. कंट्रोल येण्याआधी मायनं वाशीमच्या बाजारातून एक हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं, कडुनिंबाचा पाला घालून, पेटीच्या तळाशी. ते माझ्या लग्नाचं. मला अठरावं संपत आलं होतं, गाव मला घोडी म्हणायला लागलं होतं, आणि मंगरूळपीरच्या बाजूला माझी सोयरीक ठरत आली होती. मुलगा मी पाहिलेला नव्हता. त्याच्या घरी आवारातच विहीर आहे एवढं ऐकलं होतं, आणि मला तेवढं पुरे होतं. अक्काची मान मी पाहिली होती ना. लोक नवऱ्याची स्वप्नं बघतात, मी त्या विहिरीची बघायची. तिला रहाट असेल का, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी पलीकडून माणूस आला. अंगणात उभा राहिला. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. आमच्याकडे मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. तांब्या मायच्या हातात तसाच राहिला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधी आम्हाला कळलं. कोणाचं, एवढंच कळायचं होतं.

अक्काला ताप होता म्हणे. आम्हाला कळवण्याइतका मोठा वाटला नव्हता. पहाटे गेली. तिच्या सासूनं सांगितलं होतं, लुगडं घेऊन दिवस मावळायच्या आत या.

हे लुगड्याचं सांगायला हवं. कुंकवानिशी गेलेल्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. तिचं माहेर शेजारच्या घरात असो की सात कोसांवर. सासरच्या लुगड्यात जाळली तर तिला मागं कोणी नव्हतं असं होतं. ते कोरं हवं, पाणी न लागलेलं, कोणी न नेसलेलं. आणि आमच्या माणसांत आणखी एक रीत, ते लपवून न्यायचं नाही. बोचक्यात कोंबून नेलं तर माहेरानं पोरीची चोरून बोळवण केली असं म्हणतात. सुपात ठेवायचं, वर हळदकुंकू, आणि सूप मांडीवर घेऊन उघड्यानं जायचं. भुईला टेकवायचं नाही.

मायनं पेटी उघडली. हिरवं लुगडं काढलं, पाला झटकला. पदराला कुंकवाचं बोट लावलं, अक्काच्या नावानं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि माझ्या मनातही काही आलं नाही. विहीर नाही, मंगरूळपीर नाही, अक्कासुद्धा नाही. मी भाकरी फडक्यात बांधल्या, कारण वाटेत लागतील असं वाटलं. धाकट्या भावाला शेजारी ठेवलं, बाबांनी बैल जुंपले. मला रडू येत नव्हतं. येईल म्हणून मी वाट पाहत होते, दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याची पाहतात तशी.

सूर्य चांगला वर आला होता तेव्हा आम्ही नाक्यावर पोचलो. गाडीत मी, माय, मायच्या मांडीवर सूप, सुपात हिरवंगार लुगडं. शिपायाला गज खुपसायची गरजच पडली नाही. माझा आजवरचा अनुभव असा की कायद्याला जे दिसतं तेच तो धरतो, आणि आम्ही तर दाखवतच आलो होतो.

जमादारानं विचारलं, सुपात काय आहे.

माय म्हणाली, "माह्या पोरीचं लुगडं आहे जी. सकाऊन गेली थे."

त्यानं विचारलं, नवं आहे का. माय म्हणाली, कोरंच लागते. मग परवाना. परवाना नव्हता. परवाना वाशीमला मिळतो, तिथं अर्ज करावा लागतो, आणि अक्कानं मरायच्या आधी तसं काही कळवलं नव्हतं.

जमादार वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला तसंच दिसलं. चाळिशीचा, कपाळाला गंध, घामानं पाठ भिजलेली. नियमाप्रमाणे कापड जप्त करायचं म्हणून त्यानं हात पुढं केला. मग तो हात थांबला. लुगड्यावरचं कुंकू त्याला दिसलं असेल.

"मढ्याचं कापड मी हातात घेत नाही," तो म्हणाला. "माह्या घरी लेकरंबाळं आहेत."

त्यानं शिपायाकडे पाहिलं. शिपायानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

आता झाली पंचाईत. कापड सोडता येत नव्हतं, कारण हुकूम होता. धरता येत नव्हतं, कारण विटाळ होता. जमादारानं बराच वेळ डोकं खाजवलं, आणि मग जे त्याला धरता येण्यासारखं होतं ते धरलं. बैल सोडायला लावले आणि जुवाच्या शिवळा काढून घेतल्या. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात राहावी म्हणून घालतात ती दांडकी. शिवळ नसली की गाडी हलत नाही. चारी शिवळा त्यानं बाकाखाली ठेवल्या आणि सांगितलं, साहेब तपासणीला गेले आहेत, ते येतील आणि ठरवतील. तोवर कापड घेऊन एक पाऊल पुढं टाकलं तर फौजदारी होईल. आणि परतही जायचं नाही, साहेबांनी विचारलं तर दाखवायला माणसं हवीत.

म्हणजे कापड मोकळं आणि आम्ही जप्त.

माझे बाबा कायद्याला फार मानणारे. कधी कोर्टाची पायरी चढलेले नव्हते, म्हणूनच असेल. कायदा म्हणजे घरातलं कोणी वडीलधारं माणूस, जरा कडक, पण आपण नीट सांगितलं तर ऐकणारं, असं त्यांना वाटायचं. त्यांनी डोक्यावरचं पागोटं नीट केलं, हात जोडले आणि विचारलं, माणसाचं शेवटचं कापड नेता येत नाही असं हुकमात लिहिलेलं आहे का. जमादारानं छपराच्या खांबाला लावलेला छापील कागद पाहिला. खरंच वाचला त्यानं, ओठ हलवत, पहिल्यापासून.

"तसं लिहेल नाही," तो म्हणाला. "पण नेता येते असंही लिहेल नाही."

बाबांनी जोडलेले हात सोडले.

सांगावा घेऊन आलेल्या माणसाला आम्ही पायी पुढं पाठवलं. त्याच्या अंगावर नवं काही नव्हतं, त्याला सोडलं. तिकडे जाऊन सांग, म्हटलं, आम्ही नाक्यावर आहोत, येतोच.

मग आम्ही बसलो. कडुनिंबाची सावली सरकली की आम्ही सरकायचो. मायच्या मांडीवर सूप. भुईला टेकवायचं नाही म्हणून ती ते खाली ठेवेना. मी म्हटलं, माझ्याकडे दे थोडा वेळ. तिनं ऐकलं नाही. जमादारानं स्वतः रांजणातून पाणी काढून दिलं, आम्ही प्यालो. भाकरीचं फडकं मी उघडलं, आणि मीच एकटीनं खाल्लं. भूक लागली होती. बहीण मेलेली असताना भूक लागते याचं मला नवल वाटलं, पण तेही थोडंसंच.

दुपारी सरकीची एक गाडी आली. शिपायानं गज खुपसला, मागच्या बाजूला, जिथं सरकी होती. गाडीवाला आमच्या ओळखीचा निघाला. काय झालं ते त्यानं विचारलं, ऐकलं, हळहळला, आणि बांबू वर झाल्यावर नदीत उतरला. त्याच्या सरकीखाली त्या दिवशी किती बायांची लुगडी होती कोण जाणे. जाताना तो मायकडे बघून म्हणाला, खाली घालाचं होतं ना बुढे, माह्या गाडीत दिलं असतं. खरंच बोलला. पण माय आपल्या पोरीचं लुगडं सरकीखाली घालणार नव्हती. तेवढ्यासाठी तिनं ते मांडीवर धरलं होतं.

साहेब काही आले नाहीत. ते कुठं होते, जेवत होते की झोपले होते, मला माहीत नाही. मी त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो पायी गेलेला माणूस परत आला. नदीच्या त्या काठावरच उभा राहिला, पुन्हा चढून यायचा त्याला कंटाळा आला असावा. तिथूनच ओरडून त्यानं सांगितलं की बुढी विचारून राह्यली, दिवस कलला, किती वाट पाहाची. वैशाखातलं ऊन, पहाटे गेलेलं माणूस. तो पुढचं बोलला नाही. बाबांनी हातानं थांबा अशी खूण केली. आम्हालाच केल्यासारखी.

तेव्हा शिपाई बोलला. तो आमच्याशी बोलला नाही, रांजणाशी बोलला. तांब्या बुडवता बुडवता म्हणाला की अंगावरच्या कपड्याले हुकूम नाही, बाई जे नेसून राहीन ते तिचं, ते नवं की जुनं कोण पाहाते. जमादारानं ते ऐकलं. त्यानं नाही म्हटलं नाही. उठला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला, जणू तिथं पूर येणार होता.

बाबांना आधी कळलं. ते हळूच म्हणाले, "मंग ते कोरं राहाचं नाही."

"पोचलं पायजे," माय म्हणाली.

ती उठली, सूप बाबांच्या हातात दिलं आणि लुगड्याची घडी उचलली. बाबांनी तिचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी तेव्हा एकदाच पाहिला. कुंकवाच्या बाईनं मढ्याचं लुगडं नेसलं तर ते तिच्या नवऱ्यावर येतं, असं आमच्याकडे मानतात. बाबांचा चेहरा घाबरलेल्या माणसाचा होता. त्यांना मरायची भीती वाटली, आणि त्यात काही गैर नाही.

माय थांबली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"तुह्यावर अजून कोणाचा जीव नाही," ती म्हणाली. "नेस."

हे अगदी बरोबर होतं. मला नवरा नव्हता, म्हणजे माझ्यामुळं मरणारं कोणी नव्हतं. हिशेबात कुठंच चूक नव्हती. मी उठले. गाडीच्या आडोशाला मायनं घोंगडी धरली, आणि मी माझं जुनं लुगडं सोडून ते हिरवं नेसले. खळ उतरलेली नव्हती, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ. निऱ्या बसेनात. मायनं एका हातानं घोंगडी धरून दुसऱ्या हातानं माझा कासोटा घालून दिला. पदर घेतला तेव्हा ते कुंकवाचं बोट बरोबर माझ्या खांद्याखाली आलं. आरसा नव्हता, पण माझी मला मी दिसत होते. माझ्या लग्नात मी अशी दिसले असते. मला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही.

जमादारानं शिवळा परत दिल्या. शिपायानं बांबू वर केला आणि मान दुसरीकडे फिरवली. मी गाडीत बसले आणि आम्ही कायद्यानं नदी ओलांडली.

पलीकडे निजामाची चौकी होती. तिथला शिपाई काठी टेकत आला, छताखाली वाकून पाहिलं आणि बाबांना विचारलं, "नई दुल्हन है क्या?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून.

खरं सांगत बसलो असतो तर पुन्हा अडकलो असतो. दिवस खाली आला होता. बाबांनी केलं ते बरोबरच केलं, माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्या माणसानं हसून सलाम केला, त्याला सांगावं तरी काय, म्हणून मीही खाली मान घातली. नवरी घालते तशी.

चढ चढून आलो तेव्हा नदीच्या वळणाकडे धूर दिसला.

"कोणी धुरा जाळून राह्यलं," बाबा म्हणाले. धुरा म्हणजे शेताचा बांध, उन्हाळ्यात लोक त्याच्यावरचं गवत जाळतात. वैशाखात धुऱ्यावर जाळायला गवत उरलेलं नव्हतं. बाबांनी बैलांना हाणलं, तेही उगीच, कारण बैल आपल्या चालीनंच चालत राहिले.

आम्ही दारात पोचलो तेव्हा पुरुष माणसं नदीवरून परत येत होती, ओली. दिवस अजून मावळला नव्हता. झाडांच्या वर थोडा होता. त्यांनी वाट पाहिली होती, जितकी पाहता येते तितकी. अक्काच्या सासूनं पुढं येऊन मायला सांगितलं की मी माहं लुगडं नेसवलं तिले, धुतलेलं होतं, पण चांगलं होतं. मायनं म्हटलं, बरं केलं. मग ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली. तिच्या मांडीवर आता काही नव्हतं, तरी हात सूप धरल्यासारखेच होते.

आणि मी अंगणात उभी. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मरणाच्या घरी हिरवं कोरं लुगडं नेसून आलेली पोरगी कोण बघणार नाही? मी जुन्या लुगड्याचं गाठोडं काढलं, न्हाणीकडे निघाले. तेवढ्यात अक्काची पोर कुठूनशी आली आणि तिनं माझा पदर धरला. आई समजून धरला असं बाया नंतर म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. कोरं कापड होतं, करकर वाजत होतं, म्हणून धरला. दिवसभर ती कोणाच्या हाताला लागली नव्हती म्हणे. मी सोडवायला गेले तर भोकाड पसरलं.

अक्काची सासू म्हणाली, "राहू दे. काढू नको आता."

मी काढलं नाही. रात्री पोर त्याच पदरावर झोपली, आणि कुंकवाचं ते बोट तिच्या गालाला लागलं.

तेरावा होईतो आम्ही तिथंच होतो. दुसऱ्या दिवसापासून पाणी मी आणायला लागले, घरात दुसरं कोण होतं आणायला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मान भरून आली आणि मी उभ्या उभ्या ती चोळायला लागले. तेव्हा मला अक्का आठवली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. बहिणीची आठवण मला मानेतून आली. रडू तेव्हाही आलं नाही, मी घागर पुन्हा डोक्यावर घेतली.

मंगरूळपीरकडे बातमी आमच्या आधी पोचली. त्यांनी निरोप धाडला की पोरगी चांगली असेल, पण मढ्याचं लुगडं नेसलेली सून आमच्या घरात नको. त्यांचंही चुकलं नाही. त्यांच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न होता. मायनं नाक्यावर जो हिशेब केला त्यात एवढंच राहून गेलं होतं की ज्याचा जीव माझ्यावर अजून नव्हता, तो पुढं कधी तरी यायचा होता. आता मला घेणारं घर एकच उरलं होतं, अक्काचं. ते लुगडं मुळात तिथंच निघालं होतं.

मला विचारलंच नाही असं मी म्हणणार नाही. बाबांनी विचारलं. विचारताना ते अक्काच्या पोरीकडे बघत होते, आणि पोर माझ्या मांडीवर होती. मी हो म्हटलं. नाही म्हणायला आतून काही तरी उठावं लागतं, ते त्या दिवसांत माझ्यात नव्हतंच. दुखून थांबलेल्या दाढेसारखं सगळं गार होतं.

लग्न झालं. हळद थोडी, वाजंत्री नाही. नवं लुगडं कुठून आणणार? कापड कंट्रोलवर होतं. सासूनं तेच हिरवं धुऊन, वाळवून पुढं केलं.

नवरा चांगला मिळाला. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही आणि मलाही चढवायची वेळ आणली नाही. मला हाक मारताना पहिली काही वर्षं ते थबकायचे. तोंडाशी आलेलं नाव गिळायचे, मग माझं घ्यायचे. मी तेवढा वेळ थांबायची. पुढं पुढं ते थबकणं बंद झालं. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

पाणी मी नदीवरूनच आणत राहिले. घागर भरायला वाकलं की समोरच्या काठावर नाका दिसायचा. तो बांबू, वर जाणारा, खाली येणारा.

एकदा बाबा आले. खूप घाईनं, पोराला खाऊ आणल्यासारखा चेहरा करून. ते कापूस विकायला वाशीमला गेले होते आणि तिथं एका वकिलाला भेटले. त्यांच्या मनातून ती गोष्ट गेलीच नव्हती. वकिलानं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, कापड जप्त करायचा जमादाराला अधिकार होता, ते त्यानं केलं असतं तर बोलायला जागा नव्हती. पण शिवळा काढून गाडी अडवायची, माणसांना बसवून ठेवायचं, याला कुठलंही कलम नाही. तुम्ही काही लपवलं नव्हतं, उघड नेत होता, त्यात चोरी नाही. त्यांना तुम्हाला अडवताच येत नव्हतं. हे बाबांनी मला दोनदा सांगितलं. त्यांचे डोळे चमकत होते. ते वडीलधारं माणूस शेवटी न्यायानंच वागणारं निघालं, असा त्यांना आनंद झाला होता.

मी भाकरी थापत होते. विचारलं, "मंग आता काय करता बाबा?"

ते हात धुऊन जेवायला बसले. मला तेव्हा राग यायला हवा होता. त्या जमादारावर, न आलेल्या साहेबावर, वकिलावर, बाबांवर. मी शोधला राग. तव्यावरची भाकरी उलटली, ती टम्म फुगली, आणि मी ती बाबांना वाढली.

नंतर दोन्ही सरकारं गेली. नदीवर पूल झाला. कडुनिंब आहे अजून, त्याच्याखाली आता चहाची टपरी आहे. गाड्या थांबतात, कोणी अडवत नाही. अक्काची पोर मीच वाढवली, लग्न करून दिलं, तिला नातवंडं आहेत. माझीही तीन झाली. आमच्या आवारात विहीर खणली, पण तोवर माझी मान वाकायची ती वाकून गेली होती.

ते लुगडं पेटीत आहे. लग्नानंतर मी ते नेसले नाही, कोणाला दिलं नाही. कुंकवाचं बोट धुतलं तेव्हा गेलं नाही, तांबूस डाग राहिला आहे.

आता मी थकले. हे अजून ओसरीवर बसलेले असतात, कानांनी कमी ऐकतात. म्हणजे मी आधी गेले तर कुंकवानिशी जाईन, आणि लुगड्याचा प्रश्न येईल. मागच्या महिन्यात माझा भाचा, भावाचा मुलगा, मोटरसायकलवर भेटायला आला होता. चेष्टेखोर आहे, पण जीव लावतो. म्हणाला, आत्या, तू काहीच चिंता करू नको, निरोप आला की माहेरचं लुगडं घेऊन मी घंटाभरात हजर, आता नाका नाही की परवाना नाही.

मी म्हटलं, आणू नको. माझ्या पेटीत आहे.

तो म्हणाला, "ते जुनं असन आत्या. माहेरचं कोरं लागते ना?"

"माहेरचंच आहे बाबू," मी म्हटलं. "मी ते नेसूनच आली ह्या घरात."